खोके घरपोच येते. माप कोण घेणार?

ज्येष्ठांची उपकरणे, गावातील दुकान आणि ऑनलाइन बाजार

वाचकहो, आपल्या घरातील कपाटावर किंवा पलंगाखाली पुठ्ठ्याचे एखादे खोके पडून असेल. पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाने किंवा सासरी गेलेल्या लेकीने आपल्या गुडघ्यांची तक्रार फोनवर ऐकली आणि त्याच रात्री मोबाइलवरून काही मागवले. चौथ्या दिवशी खोके दाराशी आले. आत वॉकर होता, किंवा रक्तदाबाचे यंत्र, किंवा गुडघ्याचा पट्टा. सोबत बारीक इंग्रजी अक्षरांतील एक पुस्तिका. काही दिवस वस्तू वापरली गेली. मग पट्टा सैल वाटू लागला, यंत्र दर वेळी वेगळे आकडे दाखवू लागले, वॉकर धरून चालताना पाठ दुखू लागली. मुलाला सांगावे तर त्याला वाईट वाटेल, या विचाराने खोके कपाटावर गेले आणि आपण पुन्हा भिंतीचा आधार घेत चालू लागलो.

यात दोष मुलाच्या मायेचा नाही. वस्तूही बहुधा बरी असते. उणीव एवढीच की वस्तू आली, पण ती आपल्या देहाच्या मापाने बसवून देणारा, वापर शिकवणारा आणि बिघडल्यास हाती घेणारा माणूस तिच्यासोबत आला नाही. तो माणूस आजवर गावातील सर्जिकलच्या दुकानात बसत होता. आता तोच ऑनलाइन बाजाराच्या स्पर्धेत टिकून राहण्याची धडपड करीत आहे. ही स्पर्धा व्यापाऱ्यांची आहे, आपला तिच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रात्री दोन वाजता आईचे श्वासाचे यंत्र बंद पडते, तेव्हा हा संबंध फार जवळचा असल्याचे ध्यानी येते. म्हणून कोणती वस्तू कोठून घ्यावी आणि का, याचा विचार या लेखात करू.

मोठा जिल्हा, लांबचे दुकान

आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा विस्तार आणि १४ तालुके. अकोले तालुक्यातील राजूर-भंडारदऱ्याचा डोंगरी भाग कोठे आणि दक्षिणेकडील कर्जत-जामखेड कोठे! वैद्यकीय उपकरणांची दुकाने मात्र मोठे दवाखाने असतील तेथेच दिसतात. नगर शहरात, संगमनेर-श्रीरामपूरसारख्या बाजारपेठेच्या गावी किंवा लोणीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ठिकाणी ती सापडतात. लहान गावातील मेडिकलमध्ये गोळ्या-औषधे मिळतात, फार तर थर्मामीटर आणि कमरेचा पट्टा मिळतो. कमोडची खुर्ची किंवा हवेची गादी हवी असेल, तर तालुक्याची वा जिल्ह्याची वाट धरावी लागते.

ज्याचे गुडघे दुखतात त्यानेच गुडघ्याच्या पट्ट्यासाठी एस.टी.ने दोन तास प्रवास करावा, ही विसंगती ऑनलाइन खरेदीने काही अंशी दूर केली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. ज्या खेड्यात चाकांची खुर्ची पाहावयास मिळत नव्हती, तेथे ती घरपोच येऊ लागली. किमती उघड झाल्या. एकाच वस्तूचे दहा प्रकार शेजारी शेजारी पाहता येऊ लागले. पूर्वी दुकानदार सांगेल ती किंमत आणि दाखवील तो नग, अशी स्थिती होती. ती बदलली हे चांगलेच झाले.

मग प्रश्न कोठे येतो? सर्व उपकरणे सारखी नसतात, तेथे. काही वस्तू खोक्यातून काढल्या की वापरता येतात. काही वस्तूंचे मात्र खोके उघडल्यावरच खरे काम सुरू होते. हा भेद ध्यानी घेतला की निम्मा गोंधळ मिटतो.

काठी आणि वॉकर: अर्ध्या वितेचा फरक

सर्वांत साधे उपकरण म्हणजे काठी. ती उंच असेल तर खांदा वर उचलला जातो आणि भार नीट पडत नाही. आखूड असेल तर माणूस वाकतो, त्याचा तोल पुढे जातो. योग्य उंची काढण्याची रीत सोपी आहे. पायांत नेहमीची चप्पल घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. काठीच्या मुठीचा वरचा भाग मनगटाच्या घडीशी आला पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित, म्हणजे सुमारे १५ ते ३० अंश वाकलेले राहावे. वॉकरलाही हाच नियम लागू आहे. त्याच्या चारही पायांतील कळ दाबून उंची कमी-अधिक करता येते, आणि चारही पाय एकाच खाचेत बसले आहेत ना, हे पाहावे लागते.

हे माप स्वतःचे स्वतः घेता येत नाही. काठीकडे पाहण्यासाठी आपण वाकलो की माप चुकते. समोर दुसरा माणूस लागतो. शिवाय काठी कोणत्या हातात धरावी, हेही अनेकांना ठाऊक नसते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूस. पुष्कळ जण दुखऱ्या बाजूसच काठी धरतात आणि तिचा उपयोग होत नाही असे म्हणतात. चांगला दुकानदार ही गोष्ट दोन मिनिटांत दाखवतो. काठीच्या टोकाचा रबरी बूट झिजून गुळगुळीत झाला असेल, तर काही रुपयांत नवा बसवून देतो. ओल्या फरशीवरून घसरून खुब्याचे हाड मोडण्यास असा एक झिजलेला बूटही पुरेसा असतो.

माप आणि देह यांचे नाते किती निकटचे आहे, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांच्या कार्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. या प्रकल्पात कृत्रिम पाय तयार करण्याची कार्यशाळाही उभी राहिली. कृत्रिम पाय तयार मिळाला म्हणजे काम संपत नाही. उरलेल्या पायाचे माप घ्यावे लागते, साचा करावा लागतो, घालून पाहावे लागते, जेथे टोचते तेथे घासावे लागते, आणि मग रुग्णाला चालावयास शिकवावे लागते. काठीपासून कानाच्या यंत्रापर्यंत सर्वच उपकरणांना हे तत्त्व थोड्याफार प्रमाणात लागू पडते.

रक्तदाबाचे यंत्र: पट्टा लहान, आकडा मोठा

रक्तदाबाच्या यंत्राची जाहिरात पाहताना आपण पडदा किती मोठा आहे आणि किती नोंदी साठवता येतात, हे पाहतो. पण खरी गोष्ट असते दंडास गुंडाळावयाच्या पट्ट्याची. अनेक यंत्रांसोबत मिळणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड याहून जाड असेल तर लहान पट्टा रक्तदाब आहे त्यापेक्षा अधिक दाखवतो. दंड फार बारीक असेल तर मोठा पट्टा तो कमी दाखवू शकतो.

यातून काय घडू शकते, पाहा. घरच्या यंत्रावर आकडा सतत जास्त येतो, डॉक्टर तो आकडा ऐकून औषधाची मात्रा वाढवतात, आणि प्रत्यक्षातील दाब मात्र खाली उतरतो. पहाटे अंथरुणातून उठताना भोवळ येते आणि माणूस पडतो. दोष औषधाचाही नाही आणि डॉक्टरांचाही नाही. पट्ट्याचे माप कोणी घेतले नव्हते, एवढेच.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वी शिवणकामाच्या फितीने दंडाचा मधला घेर मोजावा आणि त्यास साजेसा पट्टा मागावा. मनगटावर बांधावयाच्या यंत्रापेक्षा दंडाचे यंत्र अधिक भरवशाचे. नवे यंत्र एकदा डॉक्टरांकडे घेऊन जावे, त्यांच्या यंत्राशी आकडे ताडून पाहावेत, आणि पुढे वर्षातून एकदा तसे करावे. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि पाय जमिनीवर असावेत, दंड हृदयाच्या पातळीस असावा आणि मोजताना बोलू नये. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू वर्ज्य. दुकानात यंत्र घेतल्यास हे सर्व दाखवून मागण्याचा आपणांस हक्क आहे. यंत्र ऑनलाइन घेतले असल्यास गावातील आरोग्यसेविकेस किंवा आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दाखवून घ्यावे. संकोच करू नये.

साखर मोजण्याच्या पट्ट्या आणि नगरचा उन्हाळा

ग्लुकोमीटरचे यंत्र स्वस्त असते. खर्च होतो तो पट्ट्यांवर. या पट्ट्या ज्या त्या यंत्राच्याच लागतात. एखाद्या परक्या कंपनीचे यंत्र मोठ्या सवलतीत मिळाले आणि सहा महिन्यांनी त्याच्या पट्ट्या जवळपास कोठेही मिळेनात, तर ते यंत्र शोभेचे होते. म्हणून यंत्र घेण्याआधी आपल्या नेहमीच्या मेडिकलमध्ये त्याच्या पट्ट्या मिळतात का, हे विचारून घ्यावे.

दुसरी बाब उष्णतेची. पट्ट्यांच्या डबीवर साठवणुकीचे तापमान छापलेले असते. बहुतेक पट्ट्यांसाठी त्याची वरची मर्यादा ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत पार्सल कोणत्या गाडीत, कोणत्या पत्र्याखाली किती तास होते, हे आपणांस कळावयास मार्ग नसतो. न उघडलेल्या इन्शुलिनला तर २ ते ८ अंशांचा गारवा लागतो. ते उन्हात तापले किंवा बर्फात गोठले तरी निकामी होते, आणि वरून पाहता काहीच कळत नाही. म्हणून इन्शुलिन आणि पट्ट्या ओळखीच्या, शीतकपाट नीट चालविणाऱ्या मेडिकलमधून घ्याव्यात, आणि पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या गारव्यात घरी आणाव्यात. डबीचे झाकण प्रत्येक वेळी घट्ट लावावे. मुदतीची तारीख घेतेवेळीच पाहावी.

श्वासाचे यंत्र: येथे तडजोड नको

२०२१ च्या उन्हाळ्यातील करोनाची दुसरी लाट आठवते? ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हा शब्द तेव्हा खेडोपाडी पोहोचला. हे यंत्र खोलीतील हवा आत घेते, झिओलाइट नावाच्या खनिज दाण्यांतून ती नेऊन नायट्रोजन अडवते आणि प्राणवायू पुढे सोडते. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. चांगल्या यंत्रातून ते ९० ते ९६ टक्के मिळावयास हवे. त्या काळी घाईघाईने घेतलेली अनेक यंत्रे आज माळ्यावर पडली आहेत, आणि काही जुन्या वस्तूंच्या बाजारात, तसेच ऑनलाइनही, विक्रीस येतात.

येथे सावध राहा. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या यंत्रातील दाणे ओलावा धरतात. यंत्र सुरू होते, आवाज येतो, नळीतून वाराही येतो, पण त्यातील प्राणवायू पुरेसा नसतो. नाकाला हा फरक कळत नाही. प्राणवायूचे प्रमाण मोजणारे उपकरण जवळ असलेला जाणकारच तो सांगू शकतो. त्यामुळे कॉन्सन्ट्रेटर, तसेच झोपेत श्वासाला साहाय्य करणारी मुखवट्याची यंत्रे, जवळच्या विक्रेत्याकडून किंवा ज्याची दुरुस्ती सेवा आपल्या घरापर्यंत पोहोचते अशाच ठिकाणाहून घ्यावीत. प्राणवायू मिनिटाला किती लिटर सोडावा, हे डॉक्टरांनी लिहून दिले पाहिजे. फुप्फुसांच्या काही जुन्या विकारांत अधिक प्राणवायू अपायकारक ठरतो. यंत्राची जाळी आठवड्यातून एकदा धुवावी, पाण्याच्या बाटलीत शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, आणि वीज गेल्यावर हाताशी भरलेले सिलिंडर असावे. जवळ समई, उदबत्ती, विडी काहीही पेटते नको.

समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्यांच्या बाबतीतही नेमके हेच आहे. सिंधुदुर्गात मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाणबुडे पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जातात. त्यांचे पोशाख, चष्मे आणि श्वासाची झडप आज ऑनलाइन मिळतात, आणि जगभरच्या लहान पाणबुडी दुकानांना या विक्रीची झळ बसते. पण झडपेची नियमित तपासणी, टाकीची ठरावीक मुदतीने दाब-चाचणी आणि टाकीत स्वच्छ हवा भरणे, ही कामे पार्सलने होत नाहीत. त्यासाठी किनाऱ्यावरचे दुकान लागतेच. आपल्या घरातील प्राणवायूच्या सिलिंडरचेही तसेच आहे. त्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते, ती पाहावी. रिकामे सिलिंडर रातोरात भरून देणारा माणूस आपल्याच गावात असावा लागतो. तो एकदा दुकान बंद करून गेला, तर संकटाच्या रात्री त्यास परत बोलावता येत नाही.

कानाचे यंत्र आणि हवेची गादी

कानाचे यंत्र हे कानाच्या तपासणीचा आलेख पाहून त्या व्यक्तीसाठी जुळवले जाते. कोणास बारीक स्वर ऐकू येत नाहीत, कोणास सर्वच मंद ऐकू येते. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी अनेक यंत्रे केवळ सगळाच आवाज मोठा करतात. त्यामुळे नातवाचे बोलणे कळत नाही आणि पंख्याची घरघर मात्र असह्य होते. अमेरिकेत २०२२ पासून सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी प्रौढांना चिठ्ठीशिवाय काही यंत्रे घेता येतात, पण तीही ठरावीक नियमांत बसणारी. आपण आधी तपासणी करून घ्यावी, हे उत्तम. यंत्र घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दोन-तीनदा जुळवणी करावी लागते. ती विनामूल्य मिळेल का, हे आधीच विचारावे.

अंथरुणास खिळलेल्या रुग्णासाठी हवेची गादी उपयोगी असते, आणि ती ऑनलाइन घेण्यास हरकत नाही. मात्र तिचा पंप बिघडल्यास सुटा पंप मिळेल का, हे पाहून घ्या. गादी आली म्हणून दर दोन तासांनी कूस बदलण्याचे काम थांबवू नये. शय्याव्रण टाळण्यात गादीइतकाच वाटा काळजीवाहकाच्या हातांचा असतो.

मग ऑनलाइन काय घ्यावे?

ज्या वस्तूंना माप लागत नाही, ज्या बिघडत नाहीत आणि ज्या पुन्हा पुन्हा लागतात, त्या खुशाल घरपोच मागवाव्यात. उदाहरणार्थ, एकदा माप ठरल्यानंतरचे प्रौढांचे डायपर, बिछान्यावरचे रबरी कापड, गोळ्यांची सात कप्प्यांची डबी, शेकण्याची पिशवी, न घसरणारी चटई. किमतीत बचत होते, आणि जड खोके उचलून आणण्याचा त्रास वाचतो. थर्मामीटर आणि बोटास लावावयाचे ऑक्सिमीटर हेही नामांकित कंपनीचे असल्यास चालेल. ऑक्सिमीटर वापरताना बोट गार नसावे आणि नखास रंग नसावा, एवढी काळजी घ्यावी.

काही वस्तू तर विकत घेऊच नयेत. खाली-वर होणारी खाट, चाकांची खुर्ची, कॉन्सन्ट्रेटर या गोष्टी दोन-तीन महिन्यांसाठीच लागणार असतील, तर भाड्याने घ्याव्यात. अनेक सर्जिकल दुकाने त्या भाड्याने देतात. शिवाय अनेक गावांत सामाजिक संस्था वा ज्येष्ठ नागरिक संघ रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात आणि अनामत घेऊन वस्तू वापरावयास देतात. आपल्या गावी असे केंद्र आहे का, याची चौकशी करून ठेवा. गरज पडण्यापूर्वी केलेली चौकशीच खरी उपयोगी पडते.

दुकानदाराची बाजू, आणि आपली

२८ सप्टेंबर २०१८ रोजी देशभरातील औषधविक्रेत्यांनी ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात बंद पाळला होता, तो अनेकांना आठवत असेल. चिठ्ठीची शहानिशा न होता औषधे घरी जातील आणि मोठ्या सवलतींपुढे लहान दुकाने टिकणार नाहीत, ही त्यांची भीती होती. पुढे करोनाकाळात, मार्च २०२० मध्ये, शासनाने परवानाधारक औषधविक्रेत्यांना काही अटींवर घरपोच औषधे देण्यास मुभा दिली. आज तर गावातील मेडिकलवालाही व्हॉट्सॲपवर चिठ्ठी घेतो आणि मुलाच्या हाती औषधे घरी धाडतो. म्हणजे काळाची पावले त्यानेही ओळखली आहेत.

सर्जिकलच्या दुकानदाराचे दुखणे थोडे निराळे आहे. गिऱ्हाईक येते, तीन वॉकर धरून पाहते, उंची लावून घेते, कोणता बरा हे विचारते, मग वस्तूचे छायाचित्र काढून 'घरी विचारून येतो' म्हणून जाते आणि रस्त्यातच मोबाइलवरून स्वस्तात मागवते. महिनाभराने तीच वस्तू नादुरुस्त झाली की ती घेऊन त्याच दुकानात येते. दुकानदाराने अर्धा तास दिला, ज्ञान दिले, आणि त्याच्या गल्ल्यात काहीच पडले नाही. असे वारंवार घडले तर तो मापे घेणे सोडील, आणि एक दिवस दुकानही. मग माप घेणारे कोणीच उरणार नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑनलाइन निम्म्या किमतीस मिळणारी वस्तू छापील किमतीस एक पैसाही कमी न करता विकणे, पक्के बिल न देणे, वस्तू घालून पाहू न देणे आणि बिघडल्यावर 'कंपनीला फोन करा' म्हणणे, असा अनुभव देणाऱ्या दुकानाला केवळ ते गावातले आहे म्हणून पैसे देण्याचे आपणांवर बंधन नाही. दुकान टिकावे ते त्याच्या सेवेच्या बळावर.

यातून मार्ग असा. माप, शिकवणी आणि दुरुस्ती या सेवांचे मोल आहे, हे आपण मनाशी मान्य करावे. दुकानात मोकळेपणाने विचारावे: 'ऑनलाइन ही किंमत आहे. आपण किती कमी कराल, आणि त्यात कोणती सेवा द्याल?' शंभर-दोनशे रुपये अधिक देऊन उंची लावून मिळत असेल, वर्षभर दुरुस्ती मिळत असेल, तर तो सौदा महाग नाही. आणि वस्तू बाहेरून घेतलेलीच असेल, तर ती घेऊन जावे व म्हणावे, 'ही बसवून द्या, आपली मजुरी सांगा.' मजुरी देण्यात कमीपणा नाही. दुकानदारांनीही अशी मजुरी उघडपणे लावावी आणि बाहेरची वस्तू पाहून तोंड फिरवू नये.

फसवणूक झाल्यास

रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर यांसारखी उपकरणे आता औषधांच्या कायद्याखाली येतात, आणि ती विकणाऱ्यास अन्न व औषध प्रशासनाचा परवाना वा नोंदणी लागते. म्हणून दुकान असो वा संकेतस्थळ, उत्पादकाचे नाव-पत्ता, छापील किंमत आणि अनुक्रमांक पाहून पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या आणि थर्मामीटर यांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. बिलात तो तपासावा.

ऑनलाइन खोके उघडताना घरातील कोणास तरी मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करावयास सांगावे. वस्तू फुटकी वा निराळी निघाल्यास तोच पुरावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रीमंचाने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची असते आणि तिचे निवारण एका महिन्यात करावयाचे असते. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर सांगावे. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. विक्रेता दूरच्या शहरातील असला, तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही.

पैशांची अडचण असल्यास शासकीय योजनांची चौकशी करावी. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून गरजू ज्येष्ठांना काठी, वॉकर, कानाचे यंत्र, चाकांची खुर्ची अशी साधने देते. राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. अर्जाची सद्यःस्थिती समाजकल्याण कार्यालयात विचारावी.

खरेदीपूर्वी सात प्रश्न

१. या वस्तूला माझ्या देहाचे माप लागते का? ते कोणी घेतले?
२. ती कशी वापरावी, हे मला मराठीत कोण दाखवील?
३. बिघडल्यास ती कोठे न्यावी लागेल? किती दिवस लागतील?
४. तोवर बदली वस्तू मिळेल का?
५. हिचे सुटे भाग, पट्ट्या, नळ्या जवळ मिळतात का?
६. पक्के बिल आणि हमीपत्र मिळेल का? हमी घरी येऊन दुरुस्तीची आहे की पार्सलने पाठविण्याची?
७. भाड्याने किंवा साहित्य केंद्रातून मिळण्याजोगी ही वस्तू आहे का?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची वाटत असतील तर दुकानाची पायरी चढावी. ती गौण असतील तर मोबाइल पुरेसा आहे.

आणि दूर राहणाऱ्या मुला-मुलींना एक विनंती. आई-वडिलांसाठी जरूर मागवा, तुमच्या खोक्यातील माया त्यांना कळते. पण मागविण्यापूर्वी एक फोन करून त्यांच्या दंडाचा घेर आणि मनगटाची जमिनीपासूनची उंची विचारा. जमल्यास पैसे पाठवून त्यांना गावातील दुकानात, शेजारच्या कोणासोबत, जाऊ द्या. आणि सुट्टीत घरी आलात की कपाटावरचे ते खोके खाली काढा, आईला समोर ताठ उभे करा आणि वॉकरच्या पायांची कळ दाबून उंची लावून द्या. मुठीचा वरचा भाग तिच्या मनगटाच्या घडीशी आला पाहिजे. मग तिच्यासोबत अंगणापर्यंत चालून या.